डिस्क आहे, पण ‘दिसत नाही’: कॉम्प्युटर आपल्याच पोटातलं हार्डवेअर कसं शोधतो?

१४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा सपोर्ट संपला आणि माझ्याकडे येणाऱ्या फोनची तऱ्हा बदलली. पूर्वी लोक म्हणायचे, ‘लॅपटॉप स्लो झालाय.’ आता म्हणतात, ‘दिसत नाहीये.’ कोणी घरच्या घरी विंडोज ११ टाकायला बसलेलं असतं, कोणी जुन्या मशीनवर लिनक्स. पेनड्राइव्ह तयार होतो, इन्स्टॉलर सुरू होतो आणि ऐन वेळी डिस्कच दिसत नाही. नाहीतर डिस्क दिसते आणि वायफाय गायब असतं.

त्यातलाच एक फोन शेजारच्या बिल्डिंगमधल्या मुलाचा. इंजिनियरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे. २०२१ चा लॅपटॉप, इंटेलचा अकराव्या पिढीचा प्रोसेसर. पेनड्राइव्हवरून कोरं विंडोज ११ टाकायला गेला, तर ‘कुठल्या डिस्कवर टाकू?’ या यादीत एकही डिस्क नाही. दुकानात नेला. दुकानदाराने ‘एसएसडी गेली’ असं सांगून नवी विकली. नवी बसवली, तरी यादी रिकामीच. मग निकाल आला की मदरबोर्ड गेला, आता लॅपटॉपच नवा घ्या.

“काका, पण जुनी डिस्क बायोसमध्ये दिसत होती,” मुलगा म्हणाला.

“आणि नवी?”

“नवी तिथे पण नाही.”

या दोन वाक्यांत सगळं निदान आहे. (बायोस म्हणजे मदरबोर्डवरच बसलेलं, विंडोजच्याही आधी सुरू होणारं छोटं सॉफ्टवेअर.) पण ते का, हे कळायला कॉम्प्युटर स्वतःच्या पोटातलं हार्डवेअर कसं शोधतो ते बघावं लागेल. आपल्याला वाटतं, वायर जोडली की त्याला ते आपोआप समजतं. तसं नसतं. त्याला एकेक दार ठोठवावं लागतं.

कुठली बस?

सुरुवातीलाच दोन शब्द समजून घेऊ, पुढे ते सारखे येतील. पहिला कर्नल. ऑपरेटिंग सिस्टिमचा सगळ्यात आतला भाग, जो थेट हार्डवेअरशी बोलतो. खिडक्या, आयकॉन, मेनू हे सगळं त्याच्या वरचं. दुसरा बस. प्रोसेसर आणि बाकीचे भाग ज्या सामाईक वाटेवरून एकमेकांशी बोलतात ती वाट, आणि त्या वाटेवर बोलायचे नियम. हा शब्द आणि आपल्या एसटीतली बस एकाच लॅटिन शब्दातून आले आहेत. ‘ऑम्निबस’, म्हणजे ‘सर्वांसाठी’. एसटीत कोणीही चढावं तसं या तारांवर कोणीही बोलावं, मात्र रांगेने.

मला चाळीची गॅलरी जवळची वाटते. सगळ्या खोल्यांची दारं एकाच गॅलरीत उघडतात. कर्नल म्हणजे या चाळीत पहिल्यांदाच आलेला जनगणनेचा प्रगणक. हातात कोरा तक्ता. कुठल्या खोलीत कोण राहतं, राहतं की नाही, काही माहीत नाही. आणि कॉम्प्युटर प्रत्येक वेळी सुरू होताना हा प्रगणक नव्याने येतो, कालची वही घरी विसरून.

जम्परचा जमाना

१९८१ च्या आयबीएम पीसीवर आणि त्यातून पुढे आलेल्या ‘आयसा’ या बसवर तर विचारायची सोयच नव्हती. कार्डाला स्वतःची ओळख सांगता येत नसे. साउंड कार्ड विकत घेतलं की त्यावरच्या छोट्या पिना प्लॅस्टिकच्या टोपीने, म्हणजे जम्परने, जोडून पत्ता ठरवायचा आणि तोच पत्ता सॉफ्टवेअरला हाताने सांगायचा. ज्यांनी नव्वदच्या दशकात गेम खेळले त्यांना ‘पोर्ट २२०, आयआरक्यू ५’ अजून पाठ असेल. दोन कार्डांना चुकून एकच पत्ता दिला की दोन्ही बंद.

ड्रायव्हर मग अंदाजाने शोध घ्यायचे. ड्रायव्हर म्हणजे कर्नलचा तो तुकडा ज्याला एखाद्या विशिष्ट हार्डवेअरशी बोलता येतं. नेटवर्क कार्डाचा ड्रायव्हर ‘इथे असशील का?’ म्हणून एखाद्या पत्त्यावर काहीबाही लिहून बघायचा. तिथे भलतंच कार्ड बसलेलं असलं तर ते त्या लिखाणाने गडबडायचं आणि मशीन जागच्या जागी थिजायचं. एनई२००० हे त्या काळचं घराघरातलं नेटवर्क कार्ड. लिनक्समध्ये त्याचा ड्रायव्हर मॉड्यूल म्हणून लावताना पत्ता आपणच सांगावा लागे, तो याच भीतीने. अंधारात हात घालून चाचपडण्यापेक्षा विचारलेलं बरं.

घरयादी

१९९२ मध्ये इंटेलने ‘पीसीआय’ आणली आणि हा खेळ बदलला. आजच्या लॅपटॉपमधली पीसीआय एक्सप्रेस तिचीच नात म्हणायची. तारा पूर्ण वेगळ्या, पण ओळख विचारायची रीत आजीचीच.

रीत अशी. प्रत्येक कार्डावर कर्नलला वाचता येईल असा २५६ बाइटचा एक ओळखतक्ता असतो (एक्सप्रेसमध्ये तो ४०९६ बाइटचा झाला). त्यातली पहिलीच नोंद म्हणजे उत्पादकाचा क्रमांक, दुसरी त्या वस्तूचा क्रमांक. इंटेलचा क्रमांक आहे ८०८६. १९७८ च्या त्यांच्या गाजलेल्या प्रोसेसरचं नावच त्यांनी स्वतःचा नंबर म्हणून घेतलं.

पत्ता तीन भागांचा. बस, त्यावरचं डिव्हाइस, त्यातलं फंक्शन. आपल्या भाषेत चाळ, खोली आणि खोलीतलं बिऱ्हाड. २५६ चाळी, प्रत्येकीत ३२ खोल्या, प्रत्येक खोलीत फार तर ८ बिऱ्हाडं. म्हणजे ६५,५३६ दारं. कर्नल सगळीच ठोठावत नाही. आधी प्रत्येक खोलीतल्या शून्य क्रमांकाच्या बिऱ्हाडाला हाक मारतो. त्याने ओ दिली आणि ‘माझ्याकडे पोटभाडेकरू आहेत’ असं सांगितलं, तरच पुढच्या सात जणांची चौकशी. हाकेला एखादा ‘ब्रिज’ उत्तरला, म्हणजे पलीकडच्या चाळीत जाणारा जिना सापडला, की त्या चाळीला पुढचा नंबर द्यायचा, आत जायचं, तिथलं सगळं मोजून परत यायचं. जिन्याच्या आत आणखी जिना असला तरी तेच.

आता खरी गंमत. रिकाम्या खोलीतून काय उत्तर येतं? ‘कोणी नाही’ असं सांगायलासुद्धा आत कोणी नसतं. अशा वेळी कर्नलच्या हातात पडतात सगळेच्या सगळे १. सोळाच्या अंकपद्धतीत ‘एफएफएफएफ’. हा क्रमांक कुठल्याही उत्पादकाला दिला जात नाही, त्यामुळे तो दिसला की समजायचं, खोली रिकामी.

पण नीट बघा, ‘खोली रिकामी आहे’ आणि ‘आतला माणूस बेशुद्ध पडलाय’ या दोन्हींचं उत्तर अगदी सारखं आहे. कार्ड नसेल तरी सगळे १, कार्ड असून करंट पोचला नसेल तरी सगळे १, चालता चालता कार्ड मेलं तरी पुढच्या वाचनात सगळे १. हार्डवेअर शोधण्यातल्या अर्ध्या गोंधळाचं मूळ या एका उत्तरात आहे. कर्नलला नसणं आणि न बोलणं यातला फरक कळत नाही.

‘मी आहे’ म्हटलं, पण जागा किती हवी?

हजेरी लागली म्हणजे काम झालं असं नाही. बहुतेक कार्डांना प्रोसेसरच्या पत्त्यांच्या पट्ट्यात थोडी जागा लागते, जिथे लिहिलं की ते त्या कार्डापर्यंत पोचतं. किती जागा, हे विचारायची पद्धत मला आजही चतुर वाटते. कार्डाच्या जागेच्या रकान्यात कर्नल सगळे १ लिहितो आणि लगेच परत वाचतो. कार्डाने काही खालचे अंक शून्यावर पक्के केलेले असतात, ते लिहूनही बदलत नाहीत. खालचे २० अंक शून्यच राहिले तर अर्थ: ‘मला १ एमबी हवी.’ प्रश्नही तोच, उत्तरही तेच, मध्ये एक शब्द नाही.

मग वाटप. इथे अडचण येते ती प्लॉटच्या आकाराची. काही कार्डांना पहिल्या ४ जीबीच्या आतलीच जागा चालते आणि तिथे आधीच गर्दी असते. मोठ्या मेमरीची ग्राफिक्स कार्डं भसाभस जागा मागतात. जुन्या मदरबोर्डवर असं कार्ड बसवलं की लिनक्सच्या लॉगमध्ये, म्हणजे कर्नलच्या नोंदवहीत, ‘नो स्पेस फॉर’ आणि मागोमाग ‘फेल्ड टू असाइन’ अशा ओळी येतात. कार्ड सापडलेलं असतं, त्याचं नावही छापून येतं, पण त्याला राहायला जागा मिळालेली नसते. बायोसमध्ये ‘अबव्ह फोर-जी डीकोडिंग’ नावाचा पर्याय असेल तर तो चालू करून बघावा. कार्ड बदलून आणायची घाई त्यानंतर.

इथे कोणी विचारेल, बायोसने सुरुवातीलाच ही सगळी मोजणी केलेली असते ना, मग कर्नल पुन्हा का करतो? बायोस मोजतो ते मशीन उभं राहण्यापुरतं. कर्नलला पुढे कामं नेमून द्यायची असतात, म्हणून यादी त्याची त्याला लागते. साध्या पीसीवर लिनक्स बायोसने दिलेले पत्ते बहुतेक तसेच ठेवतो आणि चूक दिसली तरच हात घालतो. शिवाय मशीन चालू असताना मागून जोडल्या जाणाऱ्या वस्तूंचं काय? त्यांच्या वेळी बायोस केव्हाच झोपलेला असतो.

‘दिसत नाही’ असं नेमकं कोण म्हणतंय?

आता दुरुस्तीकडे. फोनवर मी पहिला प्रश्न हाच विचारतो. कारण ‘दिसत नाही’ ही तक्रार निदान चार वेगळ्या जागांवरून येऊ शकते आणि चौघींचे उपाय एकमेकांच्या कामाचे नाहीत.

लिनक्सवर हे बघणं सोपं आहे, म्हणून विंडोजवाल्यांनाही मी लिनक्सचा पेनड्राइव्ह लावून बघायला सांगतो, काही इन्स्टॉल न करता. टर्मिनल, म्हणजे आज्ञा टाइप करायची खिडकी, उघडायचं आणि ‘एलएसपीसीआय’ (lspci) ही आज्ञा द्यायची. प्रगणकाची पूर्ण घरयादी समोर येते. आज्ञेपुढे ‘के’चा पर्याय जोडला (lspci -k) की प्रत्येक नावाखाली कुठला ड्रायव्हर त्याला सांभाळतोय तेही दिसतं.

वायफायचं उदाहरण घेऊ. यादीत ‘००:१४.३’ असा पत्ता आणि समोर ‘नेटवर्क कंट्रोलर, इंटेल’ अशी ओळ आहे. शून्य नंबरची चाळ, चौदा नंबरची खोली (हे चौदा सोळाच्या मोजणीतले, म्हणजे आपले वीस), तीन नंबरचं बिऱ्हाड. ओळ आहे म्हणजे बसचं काम चोख झालं. इथून पुढे स्क्रू काढण्यात, कार्ड बदलण्यात अर्थ नाही. आता खाली ‘कर्नल ड्रायव्हर इन यूज’ ही ओळ आहे का? नसेल, तर प्रत्येक ड्रायव्हरजवळ असलेल्या ‘मी या या क्रमांकांना सांभाळतो’ या यादीत आपल्या कार्डाचा क्रमांक नाही. बहुधा कार्ड नवं आणि कर्नल जुना. नव्या कर्नलचं लिनक्स घ्या.

ड्रायव्हरही आहे आणि तरी वायफाय नाही? मग ‘डीमेसेज’ (dmesg) ही आज्ञा देऊन कर्नलचा लॉग वाचायचा. ‘डायरेक्ट फर्मवेअर लोड… फेल्ड विथ एरर -२’ अशी ओळ सापडली तर -२ चा अर्थ ‘अशी फाइल नाही’. कार्डाच्या आत चढवायचं एक छोटं सॉफ्टवेअर डिस्कवर ठेवलेलंच नाही. फोनवरून नेट जोडून फर्मवेअरचं पॅकेज टाकलं की पाच मिनिटांत काम होतं. याच दुखण्यासाठी लोकांनी नवी वायफाय कार्डं घेतलेली मी पाहिली आहेत.

आणि घरयादीत ओळच नसेल तर? तेव्हाच मामला बसचा, स्लॉटचा, करंटचा किंवा बायोसच्या एखाद्या बंद ठेवलेल्या पर्यायाचा. कार्ड काढून, सोन्याच्या पट्ट्या खोडरबरने पुसून परत बसवणं हा आपल्याकडचा इलाज हसण्यावारी नेऊ नका. धूळ आणि ऑक्साइड दोन्ही जातं आणि बरेचदा ओळ परत येते. कधी ओळ असते पण कार्ड लंगडतं. लॉगमध्ये ‘लिमिटेड बाय २.५ जीटी’ (जीटी हे वेगाचं माप) असं काहीतरी दिसतं आणि कंसात कार्डाची खरी ऐपत ८ किंवा १६ असल्याचं लिहिलेलं असतं. दोन टोकांचं नीट जमलं नाही म्हणून ती सगळ्यात हळू वेगावर बोलतायत. कार्डाचाच दोष असू शकतो, मळलेला स्लॉट असू शकतो, कमी वेगाचा स्लॉटही असू शकतो.

बायोसला दिसते, मग विंडोजला का नाही?

आता त्या मुलाची जुनी डिस्क. बायोसमध्ये ती दिसत होती. म्हणजे करंट आहे, तारा आहेत, डिस्क ओ देतेय. गेलेली डिस्क स्वतःचं नाव छापून देत नाही. (अर्धवट गेलेली देते, पण तो वेगळा विषय.)

इंटेलच्या अकराव्या पिढीपासून बऱ्याच लॅपटॉपमध्ये ‘व्हीएमडी’ नावाची सोय कंपनीतूनच चालू करून येते. तिचं काम एनव्हीएमई, म्हणजे पीसीआय एक्सप्रेसवर बोलणाऱ्या, डिस्कांना एकत्र करून स्वतःच्या मागे घ्यायचं. चाळीच्या जागी गेटेड सोसायटी झाली असं समजा. प्रगणकाला बाहेरून एकच दार दिसतं, सोसायटीच्या ऑफिसचं. आतल्या फ्लॅटची यादी सेक्रेटरीकडे. त्याच्याशी बोलता येणारा माणूस, म्हणजे व्हीएमडीचा ड्रायव्हर, बरोबर असेल तर आत सोडतात. नसेल तर प्रगणक ‘एक ऑफिस’ अशी नोंद करून पुढे जातो.

बायोसकडे तो ड्रायव्हर असतो. कंपनीने टाकून दिलेल्या विंडोजमध्ये असतो. पेनड्राइव्हवरच्या कोऱ्या विंडोज इन्स्टॉलरमध्ये बरेचदा नसतो. म्हणून यादी रिकामी. लिनक्सच्या कर्नलमध्ये हा ड्रायव्हर आहे. तिथे ही डिस्क ‘१००००’ असा लांबलचक आकडा पुढे असलेल्या पत्त्यावर दिसते. ती वेगळ्या इलाख्यातली आहे, याची ती खूण.

उपाय दोन. लॅपटॉप कंपनीच्या साइटवरून तो ड्रायव्हर पेनड्राइव्हवर घ्यायचा आणि इन्स्टॉलरमध्ये ‘लोड ड्रायव्हर’ म्हणायचं. किंवा बायोसमध्ये जाऊन व्हीएमडी बंद करायची. दुसरा सोपा, पण एक धोका आहे आणि तो नीट वाचा: आधीचं विंडोज त्याच डिस्कवर असेल आणि ते तुम्हाला हवं असेल, तर व्हीएमडी बंद केल्यावर ते सुरू होताना निळ्या स्क्रीनवर आपटण्याची दाट शक्यता असते. पर्याय परत चालू केला की ते परत उठतं. डेटा जात नाही, पण छातीत धस्स होतं.

बंद करून चालू केल्यावर कसं चालतं मग?

हा प्रश्न मला सगळ्यात जास्त वेळा विचारला जातो, थोड्या कुत्सित सुरात. उत्तर वेळेत आहे. पीसीआय एक्सप्रेसचा नियम सांगतो की रीसेट केल्यावर कार्डाला किमान १०० मिलिसेकंद द्यावेत, मगच पहिला प्रश्न विचारावा. तरीही कार्ड तयार नसेल तर ते ‘जरा थांबा, परत विचारा’ असं सांगू शकतं. तेव्हा कर्नलला उत्पादकाच्या जागी ‘०००१’ हा राखीव क्रमांक दिसतो आणि लिनक्स अशा कार्डासाठी थेट ६० सेकंदांपर्यंत थांबतो.

हे झालं नियम पाळणाऱ्या कार्डाचं. काही कार्डं ‘थांबा’ही म्हणत नाहीत, गप्प बसतात. गप्प म्हणजे सगळे १. प्रगणक ‘खोली रिकामी’ लिहून निघून जातो आणि आतला माणूस मागून दार उघडतो. रीस्टार्ट केलं की वीज तुटत नाही, कार्ड आधीच जागं असतं, आणि दुसऱ्या फेरीत ते सापडतं. लिनक्समध्ये ‘रीस्कॅन’ नावाच्या एका फाइलमध्ये १ लिहिला की प्रगणक परत फेरी मारतो, मशीन बंद न करता. पूर्ण बंद करून सुरू केल्यावर कार्ड नाही आणि रीस्टार्टवर आहे, असं घडत असेल तर ही शंका घ्या. उलटं घडत असेल, म्हणजे फक्त पूर्ण बंद केल्यावरच बरं वाटतं, तर कार्ड कुठेतरी अडकून बसलंय आणि त्याला वीज तोडूनच सोडवावं लागतंय.

नियम न पाळणाऱ्या अशा वस्तूंसाठी लिनक्सच्या पीसीआय विभागात ‘क्वर्क्स’ नावाची एक हजारो ओळींची फाइल आहे. अमक्या कंपनीचा अमका नंबर असेल तर त्याचं हे म्हणणं खरं मानू नका, अशा नोंदी. सरकारी कचेरीतल्या शेऱ्यांच्या वहीसारखी. जगभरच्या उत्पादकांची लफडी एकाच ठिकाणी वाचायला मिळतात.

यूएसबी: एका वेळी एकच बारसं

यूएसबीत प्रगणक दारोदार फिरत नाही. इथे पाहुणाच बेल वाजवतो. पेनड्राइव्ह खोचला की त्याच्या आतला १.५ किलोओहमचा रेझिस्टर दोनपैकी एका डेटा-तारेला वर खेचतो आणि हबला, म्हणजे पोर्ट सांभाळणाऱ्या भागाला, कळतं की कोणीतरी आलं. नवा आलेला प्रत्येक जण आधी शून्य नंबरच्या पत्त्यावर असतो, जसं बारशापर्यंत घरातलं प्रत्येक तान्हं मूल नुसतं ‘बाळ’. दोन बाळं एकदम आली तर हाकेला दोघंही रडतील, म्हणून एका वेळी एकच दार उघडायचं, त्याला १ ते १२७ मधला नंबर द्यायचा, मग पुढचं.

सगळ्यांसमोर फसलेलं यूएसबीचं सगळ्यात गाजलेलं बारसं २० एप्रिल १९९८ चं. शिकागोच्या कॉमडेक्स प्रदर्शनात बिल गेट्स शेजारी उभे असताना विंडोज ९८ ला स्कॅनर जोडला गेला आणि मागच्या भल्यामोठ्या पडद्यावर निळी स्क्रीन आली.

घरच्या फजितीसाठी लॉगमधल्या ओळी पुरेशा बोलक्या आहेत. ‘डिव्हाइस डिस्क्रिप्टर रीड/६४, एरर -७१’ आली तर बोलणं सुरू झालं पण शब्द तुटतायत. केबल, सैल पोर्ट किंवा कमी पडणारा करंट. ‘-११०’ म्हणजे वाट बघून वेळ संपली, समोरून उत्तर नाही. दोन्हीत आधी केबल बदला, मग हब काढून थेट मशीनला लावा. बिनअडॅप्टरच्या हबवर बाहेरची हार्ड डिस्क चालवणं म्हणजे एका नळावर अख्खी चाळ.

आणि फोन लावला, चार्ज होतोय, पण लॉगमध्ये एक ओळही नाही? तर केबल बहुधा फक्त चार्जिंगची आहे. तिच्यात डेटाच्या तारा नाहीतच, मग बेल वाजणार कशी? सॉफ्टवेअरच्या मागे लागू नका.

सगळे पत्ते ठोठावूनच का बघत नाही?

वाजवी शंका आहे. विचारायला काय जातंय? कधी कधी मदरबोर्ड जातो.

कॉम्प्युटरच्या आत ‘आय-टू-सी’ नावाची दोन तारांची छोटी बस असते. तापमानाचे सेन्सर, बॅटरीच्या चिपा, ओळख साठवणाऱ्या चिपा तिच्यावर बसतात. यात पत्ता असतो, पण ओळखतक्ता नसतो. हाक मारली तर ‘ओ’ येते, ‘तू कोण?’ विचारता येत नाही. २००० च्या आसपास लिनक्सवर सेन्सर शोधणारा एक प्रोग्रॅम सगळ्या पत्त्यांना अशीच हाक मारत असे. आयबीएमच्या काही थिंकपॅडमध्ये ॲटमेल कंपनीची २४आरएफ०८ ही चिप होती. तिच्यातल्या दोषामुळे ती नुसती हाक लिहिण्याची आज्ञा समजायची आणि आतला मजकूर बिघडायचा. लॅपटॉप पुन्हा सुरूच होत नसे, बोर्ड कंपनीकडे पाठवावा लागे. पुढे लिनक्सच्या एका संबंधित ड्रायव्हरमध्ये सरळ अट घातली गेली की मशीन आयबीएमचं असेल तर काम करायला नकार द्यायचा.

म्हणून अशा बसवर कर्नल शोधत नाही, त्याला सांगावं लागतं. पीसीत हे सांगायचं काम एसीपीआय नावाचे बायोसने दिलेले तक्ते करतात. रास्पबेरी पाय आणि बहुतेक अँड्रॉइड फोनमध्ये ‘डिव्हाइस ट्री’ नावाची फाइल करते. कुठल्या तारेवर, कुठल्या पत्त्यावर, कुठली चिप, याचा हाताने लिहिलेला सातबारा. त्यात नोंद नसेल तर वस्तू समोर असूनही कागदावर नाही. पायला सेन्सर जोडून ‘सापडत नाही’ म्हणणाऱ्या दहांपैकी निम्म्यांनी माझ्या अनुभवात सेटिंगमध्ये आय-टू-सी चालूच केलेली नसते. आणि एका फोनचं सॉफ्टवेअर दुसऱ्या फोनवर जसंच्या तसं चालत नाही, विंडोजचा एक पेनड्राइव्ह मात्र शंभर लॅपटॉपवर चालतो, याचं एक मोठं कारण हेच. लॅपटॉपमध्ये बरंचसं विचारून कळतं, फोनमध्ये आधी लिहून ठेवावं लागतं.

राहिली ती नवी डिस्क

ती बायोसलाही दिसत नव्हती, त्यामुळे व्हीएमडीला दोष देता येत नव्हता. मी त्याला डिस्क काढून फोटो पाठवायला सांगितला. हिरवी पट्टी, टोकाला सोनेरी दात, आणि दातांमध्ये दोन खाचा.

एम.टू या आकारात दोन वेगळ्या जातीच्या डिस्क येतात. एनव्हीएमई जातीची डिस्क पीसीआय एक्सप्रेसवर बोलते आणि तिला बहुधा एकच खाच असते. साटा जातीची जुन्या हार्ड डिस्कच्या भाषेत बोलते आणि तिला बहुधा दोन. दोन खाचांची डिस्क एकखाची स्लॉटमध्ये सहज बसते, स्क्रूही लागतो. पण स्लॉटला साटाच्या तारा जोडलेल्या नसतील तर ती आयुष्यभर तिथे बसून राहील आणि प्रगणकाला कधीच सापडणार नाही. ओळखतक्ता वाचण्याच्या आधीची पायरीच, दोन्ही टोकांनी एकमेकांना तारेवर हुडकण्याची, तिथे होत नाही. लॅपटॉपच्या मॅन्युअलमध्ये लिहिलं होतं की स्लॉट फक्त पीसीआयचा आहे. दुकानदाराने ते उघडलं नव्हतं.

एकच रिकामी यादी, कारणं दोन. जुनी डिस्क चालू होती पण सोसायटीच्या आत होती. नवी चालू होती पण परभाषेत बोलत होती. मदरबोर्डचा दोन्हींत काही संबंध नव्हता.

रात्री त्याने जुनी डिस्क परत बसवली. तिच्यावरचं काही ठेवायचं नव्हतं, म्हणून बायोसमध्ये व्हीएमडी बंद केली. इन्स्टॉलरच्या यादीत ४७६ जीबीची एक ओळ आली आणि तिचा फोटो मला. नव्या डिस्कसाठी त्याने साटा चालणारं, यूएसबीला जोडायचं एक एम.टू केसिंग मागवलं. दोन दिवसांनी पुन्हा फोन.

“काका, केसिंग लावलं, लाइट लागतो, पण दिसत नाहीये.”

“लॉगमध्ये काही ओळ?”

“काहीच नाही.”

“केबल कुठली लावलीयेस?”

पलीकडे थोडा वेळ शांतता. “पॉवर बँकेची.”